तात्पुरत्या फिलिंगचे आयुष्य: कोणते सिमेंट, किती जाड, किती दिवस?

गोदाकाठ

माझ्या आईच्या खालच्या डाव्या दाढेचे रूट कॅनाल सुरू आहे. पहिल्या सिटिंगमध्ये डॉक्टरांनी नस काढली, मुळांत औषध ठेवले आणि वरून पांढरट कच्चे सिमेंट भरून दोन आठवड्यांनी बोलावले. त्यानंतर घरातल्या कार्यासाठी आई गावी गेली आणि दोन आठवड्यांचा सव्वा महिना झाला. ठणका पूर्ण थांबलेला असल्यामुळे तिला आता घाई वाटत नाही. मी टॉर्च लावून पाहिले, तेव्हा सिमेंट मधोमध थोडे खोलगट झालेले दिसले आणि जिभेकडच्या कडेला नखाएवढी खाच दिसली. बाकी सिमेंट जागेवर घट्ट आहे.

हे सिमेंट नेमके कशाचे असते, ते किती दिवस चालते आणि जागेवर दिसत असले म्हणजे ते आपले काम करत आहे असे धरता येते का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

मुखशल्य

मी रूट कॅनालचेच काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला रोज भेटतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सिमेंट जागेवर आहे एवढ्यावरून ते काम करत आहे असे अजिबात धरता येत नाही. तात्पुरत्या फिलिंगचे मुख्य काम चावण्यास मदत करणे हे नसून लाळ आणि तिच्यातले जंतू दाताच्या आत जाऊ न देणे हे आहे, आणि हे काम फसते तेव्हा बहुतेक वेळा काहीच दिसत नाही व काहीच दुखत नाही. नस काढलेल्या दाताला थंड-गरम कळत नाही, म्हणून तो आतल्या गळतीची तक्रारही करत नाही. ठणका थांबला याचा अर्थ उपचाराचा पहिला टप्पा नीट झाला, एवढाच घ्यावा.

आता सिमेंट कोणते, याविषयी. आपल्याकडे दवाखान्यात प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे झिंक ऑक्साइडची पांढरी पावडर आणि युजेनॉल हा पिवळसर द्रव काचेच्या पट्टीवर घोटून केलेला लगदा. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक असल्यामुळे दवाखान्यात शिरताच येणारा तो ओळखीचा वास याच सिमेंटचा असतो. याच मिश्रणात बळकटीसाठी प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटची, बारीक भुकटी घातलेले आयआरएम नावाचे उत्पादन मिळते, आणि कंपनीने ते एक वर्षापर्यंतच्या मधल्या काळासाठी म्हणून बाजारात आणलेले आहे. दुसरा प्रकार म्हणजे तयार मऊ लगदा, जो घोटावा लागत नाही आणि तोंडातल्या लाळेनेच कडक होतो. कॅव्हिट आणि कोल्टोसॉल ही त्यातली सर्वांत परिचित नावे. तिसरा म्हणजे ग्लास आयोनोमर, जे दाताला रासायनिक रीतीने चिकटते. तुमच्या वर्णनावरून आणि दोन आठवड्यांच्या मुदतीवरून आईच्या दाढेत दुसऱ्या प्रकारचा लगदा असावा, कारण कोल्टोसॉलसारख्या सिमेंटसाठी उत्पादक स्वतःच साधारण दोन आठवड्यांची मर्यादा सांगतात. खात्री मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. कोणते सिमेंट भरले हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे आणि ते केसपेपरवर तारखेसह लिहून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

या लगद्याचे वैशिष्ट्य असे की तो पाणी शोषून किंचित फुगतो आणि पोकळीच्या भिंतींना दाबून बसतो. त्यामुळे त्याची कडा झिंक ऑक्साइड-युजेनॉलपेक्षा चांगली बंद होते, आणि प्रयोगशाळेतल्या बहुतेक चाचण्यांत गळती रोखण्याच्या बाबतीत तो सरस ठरलेला आहे. त्याची ताकद मात्र कमी असते. दाब सहन करण्याची त्याची क्षमता झिंक ऑक्साइड-युजेनॉलच्या जवळपास निम्मी भरते, म्हणून घास चावताना तो रोज थोडा थोडा झिजतो. तुम्हाला मधोमध दिसलेला खोलगटपणा ही झीजच आहे. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही, पण कडेची खाच मला जास्त खटकते, कारण गळतीची वाट कडेनेच होते.

जाडीचा मुद्दा तर सर्वांत महत्त्वाचा आहे आणि रुग्णांना तो कोणी सांगत नाही. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅव्हिटच्या वेगवेगळ्या जाडीच्या थरांतून रंग किती झिरपतो हे पाहिले गेले आणि गळती रोखण्यासाठी किमान 3.5 मिलिमीटर जाडी लागते, असे आढळले. आम्ही आजही तीच मर्यादा पाळतो. आता दाढेच्या पोकळीत मुळांच्या तोंडांवर कापसाचा बोळा ठेवून वर सिमेंट भरण्याची जुनी पद्धत आहे. बोळा जरा मोठा झाला की सिमेंटसाठी दोन मिलिमीटरसुद्धा उरत नाहीत, खालून मऊ कापूस असल्यामुळे चावताना ते दबते आणि कापसाचा एखादा धागा भिंत आणि सिमेंट यांच्यामध्ये अडकला तर त्या धाग्यावरून ओल थेट आत उतरते. म्हणून हल्ली अनेक जण कापसाऐवजी निर्जंतुक केलेल्या टेफ्लॉन टेपचा पातळ थर ठेवतात. तो धागेदार नसतो आणि ओल शोषत नाही.

थोडक्यात, आईला या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. ते जुने सिमेंट काढतील, मुळे पुन्हा धुतील, औषध बदलतील आणि मग पुढचे ठरवतील. सव्वा महिन्याने मुळांत सहसा ठेवतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइड या जंतुरोधक औषधाचा जोरही एकदा तपासायलाच हवा.

प्रयोगवही

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून एक शंका विचारतो. आपण म्हणता की दुसरा प्रकार लाळेने कडक होतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्याने कडक होते, तशीच ही क्रिया आहे का? आणि तसे असेल तर पाण्यानेच पुढे त्याचे नुकसान होत नाही का?

मुखशल्य

तुमचा अंदाज बरोबर आहे. या लगद्यांत झिंक ऑक्साइड आणि झिंक सल्फेटबरोबर कॅल्शियम सल्फेट असते आणि पाणी मिळाले की त्याचे स्फटिक बनू लागतात. प्लॅस्टरच्या कुटुंबातलीच ती क्रिया आहे. पृष्ठभाग वीस-तीस मिनिटांत बऱ्यापैकी घट्ट होतो, पण पाणी वरून खाली झिरपत जायला वेळ लागत असल्यामुळे आतला भाग बराच काळ मऊ राहतो. म्हणून आम्ही भरल्यानंतर दोन-तीन तास त्या बाजूने चावू नका, असे सांगतो, आणि भरण्याआधी पोकळी पूर्ण कोरडी ठणठणीत न करता किंचित ओलसर ठेवतो. पावसाळ्यात मुंबईकडे किंवा कोकणात या लगद्याच्या डबीचे झाकण नीट लागले नाही तर दमट हवेनेच वरचा थर कडक होतो. तो खरवडून टाकावा लागतो.

झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचे गणित वेगळे आहे. तिथे जस्ताचा एक अणू युजेनॉलच्या दोन रेणूंना धरतो आणि झिंक युजेनोलेटचे जाळे तयार होते. या क्रियेलाही पाण्याचा अंश लागतो, म्हणून दमट दिवसांत तेच मिश्रण लवकर आवळते आणि घोटणाऱ्या सहायकाला हात चालवावा लागतो. तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर इथे मिळते. तेच पाणी पुढे या जाळ्याचे हळूहळू विघटन करते आणि युजेनॉल सुटे होत राहते. सुटे झालेले युजेनॉल थोड्या प्रमाणात असते तेव्हा जिवंत नसेला शांत करते आणि जंतूंनाही आवर घालते, म्हणून खोल कीड असलेल्या दातात हे सिमेंट अजूनही उपयोगी आहे. पण ज्या विघटनामुळे औषध मिळते त्याच विघटनामुळे सिमेंट झिजते आणि ठिसूळ होते. ही दोन्ही कामे एकाच पदार्थाकडून कायमची मिळणार नाहीत.

माळावरचा

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण बऱ्याच लोकांचा असावा. माझे रूट कॅनाल पूर्ण झाले, म्हणजे मुळे कायमची भरून झाली. कॅप बसवायची राहिली, कारण त्या वेळी हातात पैसे नव्हते. वर तात्पुरते सिमेंट आहे आणि त्याला आठ महिने झाले. अर्धे सिमेंट निघून गेले आहे, पण दुखत काहीच नाही. आता कॅप बसवायला गेलो तर नवे डॉक्टर म्हणतात, रूट कॅनाल परत करावे लागेल. मुळे तर भरलेली आहेत, मग पुन्हा कशासाठी? ही पैसे काढण्याची युक्ती आहे का?

मुखशल्य

आपली शंका स्वाभाविक आहे, पण त्या डॉक्टरांचे म्हणणे मला योग्य वाटते, आणि त्यामागे बरेच संशोधन झालेले आहे.

मुळांत जे गटापर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ, भरतात ते स्वतः जंतूंना अडवणारे झाकण नाही. 1987 साली स्वान्सन आणि मॅडिसन यांनी काढलेल्या दातांची मुळे व्यवस्थित भरून त्यांची वरची बाजू उघडी ठेवली आणि ती कृत्रिम लाळेत बुडवली. तीनच दिवसांनी ती रंगात ठेवून तपासली तेव्हा रंग मुळाच्या लांबीच्या सुमारे 79 ते 85 टक्क्यांपर्यंत उतरलेला होता. 1990 मध्ये तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी रंगाऐवजी प्रत्यक्ष जंतू वापरले. एका जातीचे जंतू निम्म्याहून अधिक मुळांच्या टोकापर्यंत 19 दिवसांत पोहोचले, तर दुसऱ्या जातीला 42 दिवस लागले. हे प्रयोग काचेच्या नळीतले आहेत आणि प्रत्यक्ष तोंडात गोष्टी इतक्या वेगाने घडतीलच असे नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. तरीही तुमचे आठ महिने या आकड्यांपुढे फारच जास्त आहेत. भरलेली मुळे साधारण तीन महिन्यांहून अधिक काळ लाळेला उघडी राहिली तर ती पुन्हा करण्याचा विचार करावा, ही आमच्या शाखेत बरीच मान्य असलेली शिफारस आहे.

1995 मध्ये रे आणि ट्रोप यांनी 1010 रूट कॅनाल झालेल्या दातांचे एक्स-रे पाहिले. मुळाशी आजार राहणे किंवा न राहणे हे वरचे फिलिंग कसे आहे यावरही मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असे त्यात दिसले. पुढच्या अभ्यासांनी यात दुरुस्ती केली, ती अशी की मुळांचे काम आणि वरचे झाकण ही दोन्ही चांगली असतील तेव्हाच निकाल सर्वांत चांगला लागतो. म्हणून रूट कॅनाल झाले, आता कॅप नंतर पाहू, असे म्हणणे हे अर्धवट उपचार घेण्यासारखे आहे.

पैशाच्या अडचणीचा मुद्दा खरा आहे आणि तो मी हलका मानत नाही. कॅपला वेळ लागणार असेल तर मुळे भरल्यावर लगेच, त्याच बैठकीत, दाढेत ग्लास आयोनोमर किंवा कॉम्पोझिटचे (प्रकाशाने कडक होणाऱ्या, दाताच्या रंगाच्या रेझिनचे) पक्के फिलिंग करून घ्यावे. त्याला कॅपपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो आणि आत जाण्याची वाट बंद होते. शासकीय दंत महाविद्यालयांत, म्हणजे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे, हे काम खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी दरात होते. कॅप तरीही टाळू नका, कारण नस काढलेल्या दाढेचा वरचा बराच भाग गेलेला असतो आणि ती चिरण्याची भीती असते. तात्पुरते सिमेंट दाताला बळ देत नाही. उलट पाण्याने फुगणाऱ्या सिमेंटमुळे पातळ भिंतींच्या दातात चिरा पडल्याचे प्रयोगशाळेत दिसलेले आहे, म्हणून ज्या दाढेची एक भिंतच नाही तिथे मी असा लगदा एकटा वापरत नाही.

माळावरचा

इतके स्पष्ट आजवर कोणी सांगितले नव्हते. पहिल्या दवाखान्यात फक्त "कॅप बसवून घ्या" असे सांगितले होते, ती न बसवल्यास काय होते ते सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात एक्स-रे काढून घेतो.

रानजाई

मीही दंतवैद्य आहे आणि लहान मुलांच्या शिबिरांत काम करते, म्हणून ग्लास आयोनोमरबद्दल थोडे लिहिते. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत विल्सन आणि केंट यांनी हे सिमेंट तयार केले आणि 1972 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. काचेची बारीक पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल यांच्या संयोगाने ते आवळते, दातातल्या कॅल्शियमला धरून बसते आणि फ्लोराइड सोडत राहते. 1980 च्या दशकात टांझानियात, वीज आणि ड्रिल नसलेल्या ठिकाणी, फक्त हाताच्या हत्यारांनी मऊ कीड काढून दात भरण्याची पद्धत सुरू झाली. पुढे तिचा मुख्य आधार हेच सिमेंट ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला.

आश्रमशाळेतल्या मुलाला पुन्हा कधी आणतील याची शाश्वती नसते. अशा वेळी दोन आठवड्यांचा लगदा भरून पाठवणे मला पटत नाही. तिथे दाट घोटलेले ग्लास आयोनोमर बोटाने दाबून बसवावे आणि वरून व्हॅसलीन किंवा वॉर्निश लावावे, कारण आवळत असताना त्याला लाळ लागली तर पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो. चकचकीत पृष्ठभाग मंद व्हायच्या आत ते जागेवर दाबले गेले पाहिजे. चकाकी गेल्यानंतर बसवले तर ते दाताला धरत नाही आणि आठवडाभरात अख्खे निघून हातात येते. काम करणाऱ्याची घाई किंवा दिरंगाई या सिमेंटमध्ये लगेच दिसते.

मुखशल्य

ताई, तुमच्या चकाकीच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. मोठ्या माणसांच्या रूट कॅनालमध्येही दोन सिटिंगमध्ये महिन्याहून जास्त अंतर पडणार असेल तर मी खाली कॅव्हिटसारखा लगदा आणि वर ग्लास आयोनोमर असे दोन थर देतो. खालचा थर कडा बंद करतो आणि वरचा झीज सोसतो. फक्त दोन्हींना पुरेल इतकी खोली दाढेत असावी लागते. समोरच्या दातांत ती सहसा मिळत नाही.

अटलांटिकपार

मी न्यू जर्सीला राहते. भारतात असताना भरलेले तात्पुरते फिलिंग इकडे आल्यावर निघाले आणि डेंटिस्टची वेळ दहा दिवसांनंतरची मिळाली आहे. औषधाच्या दुकानात घरी भरायचे सिमेंट मिळते. ते वापरावे का? आईने लवंगेचे तेल लावायला सांगितले आहे.

मुखशल्य

दुकानातले ते सिमेंट बहुतेक झिंक ऑक्साइड आणि कॅल्शियम सल्फेटचेच असते. दहा दिवस पोकळी उघडी ठेवण्यापेक्षा ते भरणे बरे. आधी कोमट पाण्याने चूळ भरून अन्नकण काढा, पोकळी कापसाने टिपा, छोटी गोळी बसवून ओल्या बोटाने दाबा आणि हळूच दात मिटून जास्तीचे सिमेंट काढा. ते उंच राहिले तर प्रत्येक घासाला दाढ दुखेल. आत कापूस दिसत असेल तर तो उपसू नका. फेविक्विकसारखा गोंद कुठल्याही परिस्थितीत वापरू नये. ज्या दातात ठणका, सूज, पू किंवा ताप आहे तो मात्र घरी बंद करू नये, कारण आतला दाब वाढतो. तिथे दहा दिवस न थांबता तातडीची वेळ मागावी.

लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब कापसावर घेऊन तो दातापुरता लावला तर जिवंत नसेचे दुखणे कमी होते, पण तेच तेल हिरडीवर किंवा गालावर पसरले तर तिथली त्वचा भाजते. तुमची नस आधीच काढलेली असेल तर त्याचा उपयोग नाही. तोपर्यंत त्या बाजूने चिक्की, सुपारी, च्युइंगम आणि पेरूच्या बिया टाळा, आणि फ्लॉस वर न ओढता बाजूने सरकवून काढा.

गोदाकाठ

आज आईला घेऊन जाऊन आलो. डॉक्टरांनी सिमेंट काढले तेव्हा खालचा कापूस ओला होता आणि त्याला दुर्गंधी येत होती. मुळे धुऊन औषध बदलले आणि आता वर ग्लास आयोनोमर भरले आहे. एक गोष्ट विचारायची राहिली. शेवटचे फिलिंग कॉम्पोझिटचे करणार आहेत. आधी लवंगेच्या वासाचे सिमेंट भरलेले असेल तर कॉम्पोझिट नीट चिकटत नाही, असे तिथल्या एका रुग्णाकडून ऐकले. हे खरे आहे का?

मुखशल्य

ओला आणि दुर्गंधीयुक्त कापूस म्हणजे गळती झालीच होती. वेळेत गेलात हे फार बरे झाले.

ऐकलेले खरे आहे, पण अर्धे. कॉम्पोझिट प्रकाशाने कडक होताना जे मुक्त मूलक, म्हणजे अतिक्रियाशील कण, रेणूंची साखळी पुढे नेतात त्यांना युजेनॉल निकामी करते, त्यामुळे सिमेंटचे अवशेष राहिले तर त्या जागी कॉम्पोझिट मऊ राहते आणि बंध कच्चा होतो. झिंक ऑक्साइड-युजेनॉल पूर्ण खरवडून, प्युमिस या खरखरीत दगडाच्या भुकटीने पोकळी घासून आणि फॉस्फोरिक आम्लाने पृष्ठभाग कोरून घेतल्यावर बहुतेक अभ्यासांत हा परिणाम नगण्य राहिलेला आहे. वेगळे आम्ल न लावता वापरायच्या सेल्फ-एच चिकटद्रव्यांत तो जास्त जाणवतो. तुमच्या आईच्या दाढेत आता ग्लास आयोनोमर आहे आणि आधीचा लगदाही बहुधा युजेनॉलविरहित होता, तेव्हा ही अडचण येऊ नये. तरीही डॉक्टरांना आधी कोणते सिमेंट होते ते विचारा आणि पुढच्या सिटिंगची तारीख आजच नक्की करून ठेवा.